उक्ते काम घेणाऱ्याने विमा घ्यावा का?

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मिस्त्री येतात. गवंडीकाम हा त्यांचा वाडवडिलांपासूनचा धंदा. वय पन्नाशीच्या पुढे. पहिली पंधरा-वीस वर्षे ते दुसऱ्याच्या हाताखाली रोजाने जात. मग हळूहळू स्वतःच कामे अंगावर घेऊ लागले. दोन गवंडी, चार बिगारी, एक मिक्सर, थोड्या बल्ल्या आणि फळ्या, एवढा त्यांचा धंद्याचा संसार. सिमेंट, वाळू, विटा, सळई घरमालकाने आणायची. काम मिस्त्रींनी करून द्यायचे. चौरस फुटावर भाव ठरतो. घरमालक पैसे देतो ते मिस्त्रींना. मिस्त्री ते आपल्या माणसांना बाजाराच्या दिवशी वाटतात. यालाच आपण उक्ते काम म्हणतो.

हे मिस्त्री वर्गाला का येऊ लागले, ते आधी सांगतो.

एका वर्षी दिवाळी तोंडावर आली होती. एका घराचा बाहेरून गिलावा चालू होता. घरमालकाला दिवाळी नव्या घरात करायची होती, म्हणून घाई चाललेली. परांचीची एक बल्ली बुडातून सरकली. फळी तिरकी झाली. वर मिस्त्रींचा भाचा होता. सख्ख्या बहिणीचा मुलगा, वय तीस. बारा फुटांवरून तो खाली विटांच्या ढिगावर आला. मांडीचे हाड मोडले.

त्याला आधी तालुक्याला नेला, मग जिल्ह्याच्या गावी. ऑपरेशन झाले, आत पट्टी बसवली. बिल दीड लाखाच्या वर गेले. मिस्त्रींनी मिक्सर विकला. घरातली बोरमाळ गहाण पडली. घरमालकाने पाच हजार रुपये हातावर ठेवले आणि म्हणाला, "मिस्त्री, मी तुम्हाला काम दिलंय. माणसं तुमची." भाचा पाच महिने घरी बसून होता. त्या काळात त्याच्या घरात काय शिजत होते, ते मिस्त्रींनी विचारले नाही. विचारायची लाज वाटत होती. त्या वर्षी भाऊबीजेला बहीण आली नाही.

वर्गात एक दिवस ते म्हणाले, "गुरुजी, मला एवढंच सांगा. मी त्याचा मालक होतो का हो? मी बी त्याच्यासारखाच थापी मारणारा माणूस."

प्रश्न सरळ आहे. उत्तरही सरळ आहे, पण गोड नाही. होय, कायद्याच्या नजरेने तुम्ही त्याचे मालक होता.

कसे ते पाहा. काम कोणी घेतले? मिस्त्रींनी. माणूस कोणी बोलावला? मिस्त्रींनी. उद्या ये, आज ही भिंत कर, हे कोण सांगतो? मिस्त्री. मजुरी कोणाच्या हातून मिळते? मिस्त्रींच्या. मग मिस्त्री स्वतः परांचीवर चढून थापी मारत असले, तरी बाकीच्यांचे मालक तेच. घरमालकाने आपल्या राहण्यासाठी घर बांधायला दिले, तो काही बांधकामाचा धंदा करत नाही. म्हणून माणसे मिस्त्रींचीच, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मोठ्या ठेकेदाराकडून मिस्त्रींनी पोटठेका घेतला असता, तर गोष्ट थोडी निराळी. तिथे जखमी मजूर मोठ्या ठेकेदाराकडेही भरपाई मागू शकतो. पण तो ठेकेदार दिलेले पैसे मिस्त्रींकडून वसूल करू शकतो. म्हणजे फिरून ओझे येते ते मिस्त्रींच्याच डोक्यावर.

कामावर जखमी झालेल्या माणसाला मालकाने भरपाई द्यावी, हा कायदा आपल्याकडे १९२३ सालापासून आहे. आता त्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्यात घेतल्या आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मालकाची चूक होती की नव्हती, हे या कायद्यात मुळात विचारतच नाहीत. कामावर असताना, कामामुळे अपघात झाला, एवढे पुरे. घरून कामावर येताना किंवा घरी परतताना वाटेत अपघात झाला आणि त्याचा कामाशी संबंध दिसला, तर तोही नव्या कायद्यात धरला जातो. टेम्पोत माणसे भरून कामावर नेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आता भरपाई किती, ते पाहू. आकड्यांना घाबरू नका, आम्ही बरोबर आहोत.

समजा मजुराचे वय ३० आहे आणि महिन्याची मजुरी १५,००० रुपये धरली. कायद्यात वयाप्रमाणे एक आकडा ठरवून दिला आहे. ३० वर्षांसाठी तो २०७.९८ आहे. माणूस दगावला, तर निम्म्या मजुरीला त्या आकड्याने गुणायचे. निम्मी मजुरी म्हणजे ७,५००. गुणाकार येतो १५,५९,८५०. साडेपंधरा लाखांच्या वर! माणूस जगला, पण कायमचा पूर्ण निकामी झाला, तर निम्म्याऐवजी शेकडा ६० धरतात. तेव्हा रक्कम होते १८,७१,८२०. एखादा अवयव गेला, तर त्याचा हिस्सा ठरलेला आहे. अंगठ्याचा हिस्सा शेकडा ३०. आपल्या वर्गात अंगठ्याची किंमत आपण कमी करत आलो, पण सेंट्रिंगची फळी कापताना अंगठा गेला, तर या हिशेबाने ५,६१,५४६ रुपये द्यावे लागतात.

माणूस काही काळ घरी बसला आणि पुढे बरा झाला, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा द्यायचा. १५,००० चा चौथा हिस्सा ३,७५०. मिस्त्रींचा भाचा पाच महिने घरी होता. पाच महिन्यांचे पंधरवडे दहा. म्हणजे ३७,५०० रुपये त्याच्या घरी पोचायला हवे होते. दवाखान्याचा खर्चही कायद्याने मालकाकडेच आहे. शिवाय पाय कायमचा अधू झाला, तर त्याची भरपाई वेगळी. मिस्त्री समजत होते की आपण बिल भरले ते मामाच्या मायेने भरले. माया होतीच. पण ते देणेही होते, आणि अजून काही देणे बाकी होते.

हे ऐकून वर्ग गप्प झाला. मग एकेक जण बोलू लागला.

एक जण म्हणाला, "कागदावर लिहून घ्यावं. मी माझ्या जबाबदारीवर चढतो, काही झालं तर मिस्त्रींचा संबंध नाही."

असा कागद कितीही लिहून घेतला, तरी त्याला कवडीची किंमत नाही. भरपाईचा हक्क मजुराने सही करून सोडला, तरी तो सुटत नाही.

दुसरा म्हणाला, "आणि दारू पिऊन पडला तर?"

दारूच्या अमलामुळे दुखापत झाली असेल, तर मालक सुटू शकतो. पण माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला, तर ही सबब चालत नाही. तेव्हा प्यालेल्या माणसाला परांचीवर चढू देऊ नये हे बरे. त्याला त्या दिवशी घरी पाठवावे.

तिसरे एक अण्णा, गावचे पंच होते. ते म्हणाले, "आम्ही असले तंटे चावडीवर मिटवतो. चार माणसांसमक्ष पैसे देतो."

अण्णा, जखमी माणसाला मदत केलीत ते चांगलेच. पण मृत्यूची भरपाई परस्पर वारसांच्या हातात दिली, तर कायदा ती दिली असे मानत नाही. ती कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. तो अधिकारी विधवेला किती, मुलांना किती, म्हाताऱ्या आईला किती, हे ठरवतो. चावडीवर दिलेले पैसे पुन्हा द्यायची वेळ येऊ शकते. भरपाईला उशीर केला, तर वर व्याज आणि दंडही बसू शकतो.

आता विम्याकडे येऊ.

आपल्याकडे विमा म्हटला की लोकांना आयुर्विमा आठवतो. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली निघाले, आणि गावोगाव त्याचे एजंट आले. मिस्त्रीही म्हणाले, "माझा विमा आहे की! दरवर्षी हप्ता भरतो." तो विमा मिस्त्रींच्या जिवाचा. मिस्त्री गेले, तर मिस्त्रीणबाईंना पैसे मिळतील. भाचा पडला, तर त्यातून एक पैसा मिळणार नाही. घरमालकाने आपल्या घराचा विमा काढला असला, तरी तोही या कामी येत नाही. तो भिंतींचा विमा. भिंतीवर चढलेल्या माणसाचा नव्हे.

मजुरांच्या भरपाईसाठी निराळा विमा असतो. एजंट लोक त्याला डब्ल्यू. सी. पॉलिसी म्हणतात. हा विमा ठेकेदार घेतो आणि हप्ता ठेकेदारच भरतो. अपघात झाला, तर कायद्याने ठेकेदारावर पडणारी भरपाई विमा कंपनी भरते. हा विमा आयुर्विमा महामंडळात मिळत नाही. जनरल विमा कंपन्यांकडे मिळतो. त्यांतल्या न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी आहेत. खासगीही पुष्कळ आहेत.

हप्ता कसा काढतात? वर्षात तुम्ही जी मजुरी वाटणार, तिच्यावर. काम जितके जोखमीचे, तितका दर जास्त. उंचावरच्या कामाला जास्त, फरशी बसवायला कमी. दर कंपनीला विचारावा. आम्ही फक्त हिशेब शिकण्यापुरता शेकडा २ धरतो.

मिस्त्रींच्या टोळीत दोन गवंडी, रोज ९०० चे. चार बिगारी, रोज ६०० चे. दिवसाची मजुरी झाली १,८०० अधिक २,४००, म्हणजे ४,२००. पावसाळा, सणवार, लग्नसराई वगळून वर्षात काम १६० दिवस चालते असे धरू. वर्षाची मजुरी ६,७२,०००. शेकडा २ ने हप्ता १३,४४०.

तेरा हजार ऐकून मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. आम्ही म्हटले, थांबा, भागाकार राहिलाय. १३,४४० ला १६० ने भागा. दिवसाचे ८४ रुपये झाले. सहा माणसांत वाटा. माणशी १४ रुपये. सकाळचा चहा तुम्ही टोळीला पाजता, त्याच्या आसपासची ही रक्कम.

आता हे ८४ रुपये आणायचे कोठून? भावातून. ९०० चौरस फुटांचे घर २८० रुपये फुटाने घेतले, तर २,५२,००० होतात. काम ५० दिवस चालले, तर मजुरी जाते २,१०,०००. उरतात ४२,०००. त्यात मिक्सरचे तेल, बल्ल्यांचे भाडे, आणि मिस्त्रींची स्वतःची मेहनत. विम्याचे ५० दिवसांचे ४,२०० रुपये यातून काढले, तर खिशाला चटका बसतो, हे आम्हाला मान्य आहे. पण भाव सांगतानाच फुटामागे ५ रुपये जास्त सांगितले, तर विमा त्यातून निघतो. घरमालक घासाघीस करील. शेजारचा मिस्त्री बिनविम्याचा असेल, आणि तो ५ रुपये कमी सांगून काम पळवील. असे घडते. आम्ही तुम्हाला खोटे सांगणार नाही. पण घरमालकाला विमा दाखवून बघावा. आपल्या अंगणात कोणी पडून मेले, तर पोलीस आपल्याही दारात येतात, हे त्यालाही कळते.

एक आक्का बिगारी म्हणून डोक्यावर घमेली वाहतात. त्या मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, इमा काढा न् काय बी काढा. आदी बल्ली नीट बांदा. पडल्यावर पैसं मिळून आमचा पाय मिळतोय व्हय?"

आक्कांनी बरोबर जागी बोट ठेवले. बल्लीच्या बुडाला फळी नाही, गाठी जुन्या काथ्याच्या, डोक्याला हेल्मेट नाही, कमरेला पट्टा नाही, आणि खिशात मात्र विम्याचा कागद, याला काय अर्थ? पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी परांची नीट करावी. आमचे मत तरी असे आहे. पण नीट बांधलेल्या परांचीवरूनही माणूस घसरतो. विमा त्या दिवसासाठी.

आता कागद भरताना काय पाहावे? इथेच आपल्याला लिहिता-वाचता येण्याचा खरा उपयोग आहे.

माणसे किती आणि मजुरी किती, ते खरे लिहावे. हप्ता वाचवायला सहाच्या जागी तीन माणसे लिहिली, आणि चौथा पडला, तर कंपनी हात वर करते. सेंट्रिंगवाल्याची टोळी तुम्ही वेगळी आणत असाल, तर तिचाही उल्लेख कागदात आहे का, ते बघावे. दवाखान्याचा खर्च पॉलिसीत आहे का, आणि किती रुपयांपर्यंत, हे तोंडाने विचारून कागदावर बोट ठेवून घ्यावे. पुष्कळदा तो मूळ पॉलिसीत नसतो, किंवा थोडाच असतो. जास्त हप्ता भरून वाढवता येतो. मिस्त्रींना सगळ्यात आधी बुडवले ते दवाखान्याच्या बिलाने, हे ध्यानात घ्या. विमा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे, तेही वाचावे. अपघातानंतर काढलेला विमा मागच्या अपघाताला लागू होत नाही.

आणि हजेरीची वही. रोज सकाळी कामाच्या जागेचे नाव, तारीख, प्रत्येकाचे नाव, त्याच्यापुढे मजुरी. आठवड्याला पैसे दिले की सही. भाचा आपल्याकडे कामाला होता, त्या दिवशी होता, इतक्या मजुरीवर होता, हे कंपनीला कशावरून कळणार? मिस्त्रींचा सगळा हिशेब तोंडी होता. बाजाराच्या दिवशी बोटे मोडून पैसे वाटायचे. म्हणून तर ते वर्गाला आले. अपघात झालाच, तर आधी माणूस दवाखान्यात न्यावा आणि त्याच दिवशी कंपनीला कळवावे. दवाखान्याचा एकही कागद फेकू नये.

दुसरी एक गोष्ट मिस्त्रींच्या ध्यानात आली नव्हती. टोळीच्या विम्यात टोळी येते, मिस्त्री येत नाहीत! मालक स्वतःचा मजूर होत नाही. मिस्त्री रोज परांचीवर चढतात. ते पडले तर? त्यांनी स्वतःचा अपघात विमा वेगळा घ्यावा. सर्वांत स्वस्त म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ही २०१५ साली सुरू झाली. १ जून २०२२ पासून तिचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. वय १८ ते ७०. बँकेत खाते असले की हप्ता तिथूनच कापतात. अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अर्धवट अपंगत्वाला १ लाख. तिचे वर्ष १ जून ते ३१ मे. मे महिन्याच्या शेवटी खात्यात २० रुपये नसले, तर विमा तुटतो. हप्ता कापला गेला की नाही, ते पासबुक वाचून पाहावे. या योजनेत दवाखान्याचे बिल मिळत नाही आणि बुडलेली मजुरीही मिळत नाही. ती हवी असेल, तर कंपनीचा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा लागतो.

जो रंगारी, नळकाम करणारा किंवा वायरमन एकटाच कामाला जातो, हाताखाली कोणी नाही, त्याला टोळीचा विमा नको. त्याला स्वतःचा अपघात विमा पुरे. पण त्यानेही शेजाऱ्याचा विचार करावा.

शेजाऱ्याचा म्हणजे काय? वरून वीट पडून वाटसरूचे डोके फुटले. पाया खणताना शेजारची जुनी मातीची भिंत कलली. वायरमनच्या चुकीने गोठा पेटला. हे नुकसान मजुराचे नाही, परक्याचे आहे. डब्ल्यू. सी. पॉलिसीत ते येत नाही. त्यासाठी परक्याच्या नुकसानीच्या जबाबदारीचा वेगळा विमा असतो. दाटीच्या गावठाणात काम करणाऱ्याने त्याची चौकशी जरूर करावी. पण पायाखालचा आधार जाऊन भिंत पडली, तर ती जोखीम पुष्कळ पॉलिसींत मुद्दाम मागितल्याशिवाय मिळत नाही. तेवढे विचारून घ्यावे. वाईट कामाचा विमा मात्र कोठेच नाही. सिमेंट कमी घातले आणि स्लॅब गळला, तर तो पदरच्या पैशाने दुरुस्त करावा लागतो, आणि तेच योग्य.

कंपनीने पैसे नाकारले, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार द्यावी. एक महिन्यात उत्तर आले नाही, किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत. एकट्याच्या नावावर धंदा करणाऱ्यालाही तिथे तक्रार करता येते. फी नाही, वकील नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावे.

मिस्त्रींनी यंदा जिल्ह्याच्या गावी जाऊन दोन कंपन्यांचे दर विचारून आणले. ते आम्ही वर्गात फळ्यावर मांडले. एकीचा हप्ता कमी होता, पण तिच्यात दवाखान्याचा खर्च नव्हता. मिस्त्रींनी दुसरी घेतली. भाचा आता उंचावर चढत नाही. तो खाली बसून टोळीची हजेरी लिहितो, कारण त्याचे अक्षर मामापेक्षा बरे आहे. वहीत पहिले नाव त्याने स्वतःचे लिहिले. मिस्त्री म्हणाले, "लिही, लिही. मजुरीबी लिही."

तुमच्यापैकी जे उक्ते काम घेतात, त्यांनी आपल्या टोळीचा हिशेब वहीत मांडून पुढल्या सोमवारी वर्गाला आणावा. माणसे किती, प्रत्येकाचा रोज किती, वर्षात कामाचे दिवस किती. गुणाकार अडला, तर तो आपण फळ्यावर मिळून करू.